फरशी पाहण्याकरिता अर्ज

राजधानी बघायला जायचं ठरलं त्या संध्याकाळी मसुदेरावांच्या दोन खोल्यांत अकरा माणसं सल्ला द्यायला जमली. त्यांतल्या नऊ जणांनी राजधानी कधी पाहिलेली नव्हती. उरलेल्या दोघांपैकी एक म्हणजे शेजारचा विमेवाला. त्याने राजधानी पाहिली होती, पण उतरल्या उतरल्या पाकीट मारलं गेल्यामुळे त्याला तिथलं फक्त पोलीस ठाणं नीट आठवत होतं. दुसरी त्याची बायको. पाकीट कुणाच्या वेंधळेपणामुळे गेलं, एवढंच ती सांगत होती.

"मनोऱ्यावर चढाच," विमेवाला म्हणाला. "वरून सगळं शहर दिसतं."

"अहो, पण मामंजींचे गुडघे?" मसुदेरावांची बायको म्हणाली.

"मग खालून बघा. खालून मनोरा दिसतो."

मसुदेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत सत्तावीस वर्षं ते पत्रांचे मसुदे लिहीत होते, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. त्यांच्या पत्रांची अख्ख्या कचेरीत ख्याती होती. एक वाक्य पानभर चालायचं आणि तरी कुठे लंगडायचं नाही. या सत्तावीस वर्षांत त्यांच्या एकाही पत्रामुळे एकाही नळाला थेंबभर पाणी जास्त आलेलं नव्हतं. लोक आपले कोरड्या नळाखाली बादली ठेवून त्यांची पत्रं वाचायचे. आपल्या लिहिण्यावरून जगात कधी एक खडासुद्धा हललेला नाही, हे दुःख मसुदेरावांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. सांगून तिने काय केलं असतं? एक अर्ज लिहा म्हणाली असती.

सल्ल्यांचा त्यांनी रीतसर मसुदा केला. दिवस पहिला: मनोरा, संग्रहालय, कारंजं. दिवस दुसरा: बाग, जुना पूल, बाजार. प्रत्येकापुढे वेळ आणि वेळेपुढे शेरा. मग तो कागद त्यांनी म्हाताऱ्याला, म्हणजे आपल्या वडिलांना, वाचून दाखवला.

म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आयुष्यभर फरशा बसवून गुडघे असे झाले होते, की खुर्चीतून उठताना खुर्ची कुरकुरते आहे की म्हातारा, हे कळायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रवास करायचा तर या वर्षी करा, पुढल्या वर्षी जिना उतरणंही जमणार नाही. डॉक्टर लोक एरवी इतकं स्पष्ट बोलत नाहीत, म्हणून सगळे घाबरले होते.

"हे सगळं तू बघ," म्हातारा यादी ऐकून म्हणाला. "मला माझी फरशी दाखव."

त्याची फरशी म्हणजे राजधानीतल्या मोठ्या सभागृहाच्या दालनाची. सेहेचाळीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्याच्या टोळीने ती बसवली. काळा दगड, पांढरा दगड, आणि मधोमध एक मोठं वर्तुळ. ते वर्तुळ एकट्या म्हाताऱ्याच्या हातचं. दोन वर्षं तो तिथे गुडघ्यांवर रांगला. उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या कामगारांना मागच्या फाटकाने बाहेर काढलं, कारण सकाळी मोठी माणसं येणार होती आणि मोठ्या माणसांना ज्यांनी काम केलं ती माणसं दिसलेली चालत नाहीत. शेवटच्या दिवशीही फरशीवर सिमेंटची धूळ होती. ती पुसली दुसऱ्याच कुणी.

"मी ती उभ्याने बघितलेलीच नाही रे," म्हातारा म्हणाला. "नाकाखालचा हातभर तुकडा तेवढा बघितलाय. दोन वर्षं."

मग मसुदेरावांनी यादीत सर्वांत वर 'सभागृह' लिहिलं आणि तेही दोनदा अधोरेखित केलं. एवढ्याने काम झालं असं त्यांना वाटलं. लिहिलं की झालं असं वाटणं हा त्यांचा जुनाच आजार होता.

बापलेक राजधानीत पोचले तो सोमवार होता. आकाश धुण्याच्या पाण्यासारखं गढूळ. उतरायला जी खोली मिळाली तिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीला इतकी लागून होती, की भिंतीवरची पाल कुठल्या इमारतीत राहते हे ठरवता येत नव्हतं. संग्रहालयाला सोमवारी सुट्टी. कारंज्यात एक माणूस उतरून झाडत होता. मनोऱ्याला दुरुस्तीसाठी तळापासून टोकापर्यंत बांबूंची परांची बांधलेली, त्यामुळे खालून बघायलासुद्धा मनोरा नव्हता. म्हातारा मात्र तिथे पंधरा मिनिटं मान वर करून उभा राहिला.

"परांची झकास बांधलीय," तो म्हणाला. राजधानीत त्याला आवडलेली ती पहिली गोष्ट.

सभागृहाला तीन खिडक्या होत्या. आत जायच्या नव्हेत, आत न जाऊ देण्याच्या. पहिल्या खिडकीवर पर्यटकांचा पास मिळायचा. त्या पासावर बागेत हिंडता येत होतं आणि इमारतीकडे पाठ करून फोटो काढता येत होता.

"आतलं दालन?" मसुदेरावांनी विचारलं.

"सुरक्षेच्या कारणास्तव बंद."

"माझ्या वडिलांनी ती फरशी बसवली आहे."

खिडकीतल्या बाईने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "चांगली बसवलीय," ती म्हणाली. "मी कधी बघितली नाही. आम्हाला मागचं दार आहे."

दुसरी खिडकी शिष्टमंडळांची. शिष्टमंडळात किमान दहा जण हवेत. मसुदेरावांनी घरी सल्ला द्यायला आलेले अकरा जण आठवले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांची कमतरता भासली.

तिसरी खिडकी तक्रारदारांची होती आणि तिच्यापुढची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. रांगेच्या शेवटी एक इस्त्रीचे कपडे घातलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग तक्रार करा की," ते म्हणाले. "तक्रारवाल्याला आत सोडावंच लागतं, कायदाच आहे तसा. इमारतीबद्दल तक्रार असली तर इमारत विभाग त्या दालनापलीकडेच आहे. मी दर सोमवारी करतो."

"कसली तक्रार आहे आपली?"

"काहीच नाही. आतलं स्वच्छतागृह फार छान आहे. या शहरात दुसरं नाही."

म्हातारा म्हणाला, "लिही. दोन ओळी लिही आणि चल."

इमारतीबद्दलची तक्रार. इमारतीत मसुदेरावांना ठाऊक असलेली वस्तू एकच. त्यांनी बाकावर बसून मांडीवर पिशवी, पिशवीवर कागद घेतला आणि लिहायला लागले. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, चाळीस गेली. ते इस्त्रीचे गृहस्थ आत जाऊन, आपलं काम उरकून, हात पुसत परत आले. मसुदेराव लिहीतच होते.

"अरे, दोन ओळींना इतका वेळ?"

"बाबा, तुम्ही कधी फरशी कशीबशी दामटली आहे का?"

म्हाताऱ्याने काठी बाकाला टेकवली. कामात घाई करू नकोस, हे पोराला शिकवलं होतं ते त्यानेच.

तासाभराने दीड पान झालं. सदर दालनातील फरशी समपातळीत नसल्याचं, सांध्यांची उंची सारखी नसल्याचं, वर्तुळाकार भागाची कारागिरी विशेष सदोष असल्याचं त्यात सोदाहरण नमूद होतं. उदाहरणं अर्थातच मसुदेरावांनी बसल्या जागी पाडली होती. फरशी त्यांनीही कधी पाहिलेली नव्हती. आणि शेवटी ते वाक्य होतं. लिहिताना त्यांच्याच अंगावर काटा आला: 'सदर फरशीवरून एखादी अतिमान्यवर व्यक्ती प्रसारमाध्यमांच्या समक्ष घसरून पडल्यास होणाऱ्या मानहानीची जबाबदारी निश्चित करणे पुढे अवघड जाईल.' अर्जदार म्हणून म्हाताऱ्याचं नाव, सोबत सहायक म्हणून मुलगा. म्हाताऱ्याने न वाचता सही केली. पोराच्या अक्षरावर त्याचा विश्वास होता.

पास मिळाला. दालनाचं दार उघडलं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत तांबडा गालिचा अंथरलेला होता.

म्हाताऱ्याने गालिच्याकडे पाहिलं, मग पोराकडे, मग पुन्हा गालिच्याकडे.  सेहेचाळीस वर्षं थांबलेला माणूस आणि त्याची फरशी, मध्ये बोटभर जाडीचं कापड. मसुदेरावांना गालिचा अंथरणाऱ्याच्या सात पिढ्या आठवल्या. तेवढ्यात इमारत विभागाचा अधिकारी तक्रार हातात घेऊन जवळजवळ पळतच आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"हे... हे मानहानीचं तुम्ही लिहिलंय?"

"हो," मसुदेराव म्हणाले. त्यांचं लेखन वाचून कुणाला घाम फुटल्याचं ते पहिल्यांदाच पाहत होते. दुर्दैवाने त्यांना बरं वाटलं.

"स्थळपाहणी करावी लागेल. आत्ताच. अर्जदारांच्या समक्ष."

चार माणसं आली आणि त्यांनी गालिचा गुंडाळायला सुरुवात केली. तो मागे सरकत गेला आणि खालून काळं निघालं, पांढरं निघालं, आणि मग हळूहळू, एखादं झाकण सरकावं तसं, ते वर्तुळ उघडं झालं. वरच्या झरोक्यातला मळका उजेड त्यावर पडला होता. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभा होता. वर्तुळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नजरेत मावत होतं.

"गोल आहे," म्हातारा म्हणाला.

मसुदेरावांनी त्याचा चेहरा पाहिला आणि पटकन मान फिरवली.

"दोष दाखवा," अधिकारी म्हणाला.

"कसला दोष?" म्हातारा गुरकावला. "अरे, पाणी ओतून बघ. एका थेंबाला कुठे जावं कळणार नाही!"

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "म्हणजे तक्रार खोटी आहे? खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, आजोबा. अर्जदारालाही आणि सहायकालाही. सहायक सरकारी नोकरीत असला तर नोकरीवर गदा."

 मसुदेरावांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. "बाबा," ते हलकेच म्हणाले, "दाखवा ना काहीतरी."

म्हाताऱ्याने पोराकडे असं पाहिलं, की मसुदेरावांना आपण पाचवीत नापास झालो तो दिवस आठवला. मग तो खाली बसायला लागला. आधी काठी, मग एक गुडघा, मग दुसरा. दोघांनी धरलं. गुडघ्यांवर तो वर्तुळाच्या कडेने चार हात रांगत गेला आणि एका सांध्यावर अंगठा टेकवून थांबला.

"इथे."

अधिकारी वाकला. "मला काही दिसत नाही."

"दिसायचं नाही. नख फिरव. लागतंय?"

"नाही."

"मला लागतंय. मुकादम घाई करत होता त्या दिवशी. केसभर वर राहिलाय. सेहेचाळीस वर्षं लागतंय."

अधिकाऱ्याने लिहिलं: 'अर्जदाराने दोष दर्शविला. तक्रारीत तथ्य आढळले.' म्हाताऱ्याला उठवायला तीन माणसं लागली. बाहेर आल्यावर तो व्यवस्थित जेवला. दुसऱ्या दिवशी बाग, पूल, बाजार सगळं पाहिलं आणि काय पाहिलं हे दोघांनाही आठवत नाही.

एकविसाव्या दिवशी कचेरीच्या पत्त्यावर पाकीट आलं, कारण पत्ता मसुदेरावांनी सवयीने तिथलाच दिला होता. 'आपल्या तक्रारीची गांभीर्याने दखल घेण्यात आली आहे.' एवढंच वाचून मसुदेराव उठले आणि पत्र हातात घेऊन कचेरीभर फिरले. शिपायाला दाखवलं, टंकलेखिकेला दाखवलं, ज्या साहेबांनी त्यांचा एक मसुदा कपबशीखाली ठेवला होता त्यांनाही दाखवलं. एकवीस दिवसांत उत्तर! साहेब उभे राहिले. मग साहेबांनीच पुढचं वाचलं, मोठ्याने.

"'...सदर सदोष फरशी संपूर्ण उखडून तिच्या जागी नवीन यंत्रनिर्मित फरशी बसविण्याचे काम तातडीने हाती घेण्यात आले आहे.' वा! मसुदेराव, मानलं तुम्हाला. राजधानी हलवलीत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मसुदेराव मोरीत जाऊन ओकले.

त्यानंतर त्यांनी तक्रार मागे घेण्याचे सात अर्ज पाठवले. ते त्यांच्या आयुष्यातले सर्वोत्तम सात अर्ज होते, असं मी म्हणेन. त्यांत विनंती होती, कायदा होता, सातव्यात तर रडणं होतं. उत्तर एकच आलं: तक्रारीत तथ्य आढळले असल्याने ती मागे घेण्याची तरतूद नाही. इतकी वर्षं ज्या व्यवस्थेने एक नळ दुरुस्त केला नव्हता, तिने धड असलेली वस्तू फोडायला मात्र एक दिवस वाया घालवला नाही. फोडायला यांना मनुष्यबळ कमी पडत नाही. दुरुस्तीला पडतं.

घरी मसुदेरावांनी यातलं काही सांगितलं नाही. विमेवाला रोज विचारायचा, "काय आजोबा, राजधानी कशी होती?" आणि म्हातारा रोज सांगायचा, "गोल होती." प्रत्येक वेळी मसुदेराव खोलीतून उठून जायचे. बायको म्हणाली, "अहो, पोटाचं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा." तिलाही सांगायची हिंमत झाली नाही.

तीन महिन्यांनी आणखी एक पत्र आलं. नवीन फरशीची पाहणी करून अर्जदाराने समाधान झाल्याचा दाखला स्वतः हजर राहून द्यायचा होता, त्याशिवाय फाईल बंद होत नव्हती. येण्याजाण्याला सरकारी गाडी, राहायला सरकारी विश्रामगृह. आता लपवणं शक्य नव्हतं. म्हातारा गॅलरीत बसला होता.

"बाबा, फरशी काढली."

"कुणाची?"

"तुमची."

म्हाताऱ्याने समोरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलं. "का?"

"आपण तक्रार केली होती ना."

"आपण?"

"मी."

"आण तो कागद. वाच."

मसुदेरावांनी नक्कल आणली आणि वाचली. दीड पान, एकही शब्द न गाळता. 'विशेष सदोष' म्हणताना आवाज गेला, तर म्हातारा म्हणाला, "पुन्हा वाच, ऐकू आलं नाही." पुन्हा वाचलं. मानहानीचं वाक्य संपलं.

"चांगलं लिहिलंयस," म्हातारा म्हणाला. "मी तिथे साहेब असतो तर मीही उखडली असती."

पोराला आयुष्यात बापाने दिलेली ही पहिली शाबासकी. मसुदेराव ती घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर कितीतरी वेळ बसले होते. आत बायकोने दोनदा जेवायला हाक मारली.

या वेळी फाटक उघडायला माणूस उभा होता. म्हाताऱ्याला चाकाची खुर्ची दिली आणि तीही अधिकाऱ्याने स्वतः ढकलली. दालनात गालिचा नव्हता. करड्या, चकचकीत, आरशासारख्या फरशा, सगळ्या एकसारख्या. वर्तुळ नव्हतं. एका कोपऱ्यात एक फरशीवाला शेवटची पट्टी बसवत होता. पन्नाशीचा, रोडका, गुडघ्यांना फडकी बांधलेला. अर्जदार आले म्हटल्यावर त्याने हातातली थापी खाली ठेवली आणि तो तसाच गुडघ्यांवर राहिला.

म्हाताऱ्याने खुर्ची थांबवायला लावली. तो उतरला. काठीचं टोक फरशीवर आपटत पुढे गेला. टक. टक. टक. मग एक आवाज वेगळा आला. ढप. कोपऱ्यातल्या माणसाने मान खाली घातली. पुढे आणखी दोन ठिकाणी तसंच. शेवटी म्हातारा त्याच्याजवळ जाऊन वाकला आणि दोघं काहीतरी पुटपुटले.

अधिकाऱ्याने दाखल्याचा कागद पुढे केला. दोन चौकोन होते: समाधान झाले, समाधान झाले नाही.

"निःसंकोच सांगा, आजोबा," तो म्हणाला. "झालं नसेल तर आजच्या आज उखडू. याचं कंत्राट रद्द करू, दुसरा आणू. तुमची तक्रार वरपर्यंत माहीत आहे."

मसुदेरावांच्या खिशात पेन होतं. उखडा, असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. ही भिकार, चकचकीत, कुणाच्याही बापाची नसलेली फरशी उखडा. मजकूरसुद्धा डोक्यात तयार झाला होता, पहिल्या पूर्णविरामापर्यंत.

"कुठे करायची सही?" म्हाताऱ्याने विचारलं आणि 'समाधान झाले' या चौकोनात बरोबरची खूण केली. खाली सावकाश नाव लिहिलं. अधिकाऱ्याने शिक्का मारला. फाईल बंद झाली.

पायऱ्या उतरताना म्हाताऱ्याचा सगळा भार मसुदेरावांच्या खांद्यावर होता. बाहेर तसंच गढूळ आकाश. निम्म्या पायऱ्या झाल्यावर मसुदेरावांना राहवलं नाही.

"बाबा, पोकळ वाजत होती ना?"

"तीन ठिकाणी."

"मग समाधान झालं असं का लिहिलंत?"

म्हातारा दम खायला थांबला. "त्या फरशीवाल्याला सांगितलंय मी. खाली सिमेंटचा माल भरला नाहीये नीट, त्यालाही घाईच करायला लावलीय. जेवणाच्या सुट्टीत तीन फरशा काढेल, भरेल, बसवेल."

"आणि नाही केलं तर?"

"करेल," म्हातारा म्हणाला आणि पुढच्या पायरीवर काठी टेकवली. "याला अर्ज कशाला लागतो?"